किडलेली दाढ: ग्रामीण रुग्णालय, डेंटल कॉलेज की खासगी दवाखाना?

तालुक्याच्या किंवा खेड्यातल्या माणसाची दाढ दुखू लागली की जाण्याजोगी ठिकाणे तीनच: सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, शहरातले डेंटल कॉलेज, नाहीतर बाजारपेठेतला खासगी डेंटिस्ट. बहुतेक जण फी बघून ठरवतात. आमचे म्हणणे असे की आधी खेपा मोजा. काम किती खेपांत संपेल आणि तेवढ्या खेपा तुमच्याने होतील का, यावर दाढ वाचणार की जाणार हे ठरते.

त्याआधी दाढेची अवस्था ओळखा. थंड किंवा गोड लागल्यावर क्षणभर कळ येऊन थांबत असेल तर बहुधा फिलिंगवर (किडीचा खड्डा साफ करून भरण्यावर), म्हणजे एका खेपेत, भागते. गरम चहाने कळ उठून बराच वेळ राहते, रात्री ठणका लागतो, तेव्हा आतली नस सुजलेली असते. मग रूट कॅनल (नस काढून मुळांतल्या नलिका साफ करून भरणे) किंवा दाढ काढणे, हे दोनच मार्ग. आणि खूप दुखून दाढ आपोआप शांत झाली, तर ती बरी झाली असे समजू नका. नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरत असतो. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज काही दिवस उतरते. किडकी नस आत तशीच राहते, म्हणून दुखणे परत येते.

ग्रामीण रुग्णालयाची जमेची बाजू पैसा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. दाढ काढायची असेल आणि तिथे डेंटल सर्जन असेल, तर लांब जायचे कारणच नाही. भूल तीच, चिमटे तेच. अडते ते दाढ वाचवताना. दात कोरायचे यंत्र चालवणारा कॉम्प्रेसर बंद, एक्स-रे बिघडलेला, फिलिंगचे साहित्य संपलेले, यातले एक जरी असले तरी डॉक्टरांच्या हाती दाढ काढणे किंवा पुढे पाठवणे एवढेच उरते. म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या: दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, दाताचा एक्स-रे निघतो का, रूट कॅनल तिथे होते की पाठवतात.

डेंटल कॉलेजची गोष्ट वेगळी. सरकारी म्हणजे मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले, नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारातले, छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयातले. मुंबई सेंट्रलचे नायर महापालिकेचे; गोव्यात बांबोळीचे, तेही सरकारी. कराड, लोणी, सावंगी, नाशिक इथली खासगी कॉलेजेही बाजारभावापेक्षा बरीच कमी फी घेतात, कारण विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण लागतात. विद्यार्थी हात लावणार म्हणून लोक कचरतात, पण तिथे प्रत्येक टप्पा शिक्षक तपासून पुढे जाऊ देतात. दाढेत साधारण तीन-चार नलिका असतात. त्यातली एक सुटली तर पुढे दाढ पुन्हा पिकते. त्यामुळे हा संथपणा रुग्णाच्या फायद्याचाच असतो. मोफत उपचाराचा वरचा निर्णय मात्र सरकारी वैद्यकीय-दंत महाविद्यालयांना आणि महापालिकांच्या रुग्णालयांना लागू नाही; तिथे थोडे शुल्क पडते.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. सकाळी लवकर केसपेपर, मग तपासणी विभाग, मग एक्स-रे, मग संबंधित विभाग. पहिला दिवस यातच जातो. रूट कॅनल आणि कॅप (दाढेवर बसवायचे टोपण) मिळून चार-पाच खेपा धराच. परीक्षा किंवा सुट्टी तोंडावर असताना रूट कॅनल सुरू करू नका. विद्यार्थी बदलतो, तारीख लांबते, तात्पुरते फिलिंग झिजते, फटीतून लाळ शिरते आणि साफ केलेली नलिका पुन्हा दूषित होते.

खासगी दवाखान्यात रूट कॅनल एक ते तीन खेपांत होते. जिल्ह्याच्या गावी दाढेच्या रूट कॅनलला साधारण तीन ते सहा हजार आणि कॅपला वेगळे तीन हजारांपासून पुढे, असा अंदाज धरून चला. मोठ्या शहरात जास्त. रूट कॅनलचा भाव विचारताना कॅप त्यात आहे का हे विचाराच. पैसे संपले म्हणून कॅप राहिली की ठिसूळ झालेली दाढ भाकरीच्या कडेवर किंवा सुपारीवर चिरते आणि केलेला खर्च बुडतो. झिरकोनियाची (दातासारख्या रंगाची, महागडी) कॅप परवडत नसेल तर धातू-सिरॅमिकची कॅप मागच्या दाढेला चांगली चालते. डॉक्टरची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही बघा. बाजारात बसून शेजारच्या दातांना तार बांधून, प्लास्टिक ओतून दात 'पक्का' करून देणाऱ्याकडे जाऊ नका. त्याखाली अन्न कुजते आणि चांगले दातही हलू लागतात.

आता हिशेब. समजा मजुरी दिवसाला ४०० रुपये आणि कॉलेजच्या पाच खेपा. दोन हजार मजुरीतच गेले, वर प्रवास. एसटीत महिलांना निम्मे भाडे आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास असल्याने घरातल्या बाईमाणसासाठी आणि आजीसाठी कॉलेज परवडते. रोजंदारीवरच्या कर्त्या माणसाची फीमधली बचत मजुरीत आणि प्रवासात बरीच आटते, म्हणून त्याने जवळचा खासगी दवाखानाही हिशेबात धरावा. एकाहून जास्त दात बिघडले असतील, कवळी हवी असेल किंवा अक्कलदाढ आडवी असेल, तर मात्र डोळे झाकून कॉलेज.

खेपाही होणार नाहीत आणि पैसेही नाहीत, असे असेल तर अर्धवट रूट कॅनलपेक्षा ग्रामीण रुग्णालयात दाढ नीट काढून घेतलेली बरी, हे आम्ही स्पष्ट सांगतो. अपवाद पुढच्या दातांचा आणि लहान मुलांच्या सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचा. ही दाढ कायमची असते, पण दुधाची समजून पालक ती किडू देतात. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ती दाखवा; दातांची कीड त्यांच्या तपासणीत येते आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठीही तेच देतात.

दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाबून धरा. त्या दिवशी चुळा भरू नका, थुंकत राहू नका; तंबाखू आणि मिश्री निदान काही दिवस बंद. रक्ताची गाठ निघून गेली तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी खड्ड्यात भयंकर ठणका लागतो आणि त्यासाठी पुन्हा खेप पडते. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनाने बंद करू नका.

जबड्याखाली सूज, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप, असे झाले तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवा आणि त्याच रात्री जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा. सूज घशाकडे सरकली तर श्वास कोंडतो. तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर थेट डेंटल कॉलेजमध्ये दाखवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत फिलिंग, रूट कॅनल बसत नाही, पण तोंडाच्या कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.