मांडवीच्या नकाशावर ग्राफ थिअरी: सात महिने वापरून बघितलं

मी दांडिया बाजारात घरीच बीसीएच्या पोरांची ट्यूशन घेते. जुलैपासून ग्राफ थिअरी (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं गणित), त्यातलं युलर सर्किट (प्रत्येक रेघ एकदाच घेऊन निघालो तिथेच परत), पाथ (तसंच, पण परत न येता) वगैरे पुस्तकातल्या ए-बी-सी-डी ठिपक्यांऐवजी बडोद्याच्या नकाशावर शिकवतेय. सामान काय तर ओपनस्ट्रीटमॅपवरून काढलेला जुन्या शहराचा प्रिंट, लॅमिनेशन आणि बोर्डाचा मार्कर.

पहिले दोन आठवडे वाया गेले, खरं सांगते. अख्खा नकाशा पुढ्यात टाकला तर पोरं लागली आपापली घरं शोधायला, मग इथून जवळ पडतं की तिथून, तिकडे ट्रॅफिक किती, गणित राहिलं बाजूला. शेवटी वर ट्रेसिंग पेपर ठेवून पाचच ठिपके काढले, मधे मांडवी आणि चार बाजूंना जुन्या शहराचे चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. मांडवीपासून प्रत्येक दरवाज्याला एक रेघ आणि बाहेरून दरवाजे जोडणारा गोल (खरे रस्ते इतके शहाणे नाहीत, पण चालवून घ्यायचं), म्हणजे 8 रस्ते. आता प्रत्येक रस्ता एकदाच, पेन उचलायचं नाही. अर्धा तास सगळे घासत बसले, जमेना! जमणारच नाही, कारण मांडवीला 4 रस्ते पण दरवाज्यांना तीन-तीन, म्हणजे ऑड नोड (विषम रस्ते मिळणारे ठिपके) चार झाले आणि चालतात फक्त शून्य किंवा दोन. तिसऱ्या रस्त्याने पाणीगेटला आलास की बाहेर पडायला नवा रस्ता उरतोय का, असं बोटाने दाखवलं तेव्हा डोक्यात गेलं. हेच मी आधी चार वर्षं फळ्यावर सांगत होते.

मग कचऱ्याची गाडी. तिला तर सगळे रस्ते फिरायचेच आहेत, मग दरवाज्यांच्या दोन जोड्या लावून त्यांच्यातले दोन रस्ते दुसऱ्यांदा घ्यायचे, 8 चे 10 झाले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गाडी निघाली तिथेच परत आणायची नसेल तर 9 मध्येच होईल ना?" बरोबर आहे, आणि हे मी सांगितलेलं नव्हतं. या प्रकाराला चायनीज पोस्टमन म्हणतात, चिनी गणितज्ञ क्वान मेई-को यांनी 1960 मध्ये मांडलेला, तर नाव ऐकून पोरं हसली, चायनीज भेळ आठवली असणार.

बंद पोळींनी (जुन्या शहरातल्या एकाच तोंडाच्या गल्ल्या) आणखी मजा आणली. आत जायचा-यायचा रस्ता एकच, डिग्री (ठिपक्याला मिळणारे रस्ते) 1, गाडीला डबल फेरी चुकत नाही.

हॅमिल्टन सर्किटला (प्रत्येक ठिपका एकदाच घेऊन परत यायचं) मात्र ही युक्ती अर्धीच चालते. टिफिनवाल्याला रस्त्यांशी घेणं नाही, घरं सगळी व्हायला हवीत, इतका फरक कळतो. पण ऑड-इव्हनसारखी सोपी चाचणी इथे नाही. 10 घरं आणि परत स्वयंपाकघर, तर उलटसुलट एकच धरूनही 18,14,400 क्रम होतात, ते नकाशावर दाखवणार कसे? तिथे मी गपचूप फळ्याकडे जाते. वन-वे रस्ते पण टाळते, नोडला येणारे आणि जाणारे वेगळे मोजायला लागले की कमकुवत पोरं गळतात.

लॅमिनेशन तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यातून सुटलं, स्वस्तातलं करू नका.

कोनिग्सबर्गचे 7 पूल (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे फिरता येतील का, हे युलरने सोडवलेलं कोडं) मी आता सगळ्यात शेवटी घेते. परवा एकाने विचारलं, आपल्या विश्वामित्री नदीच्या पुलांचं काय? दोनच काठ धरले तर दोनच नोड, पूल इव्हन असले तर सर्किट, ऑड असले तर पाथ, कधी अडतच नाही. कोनिग्सबर्गला मधे बेट होतं आणि नदीला फाटे, जमिनीचे चार तुकडे, डिग्र्या 5, 3, 3, 3, म्हणून युलरला 1736 मध्ये नाही म्हणावं लागलं. पोरगा म्हणतो, मग आपल्याकडे तो उपाशीच राहिला असता.