‘फक्त दहा टक्के’ म्हणून गळ्यात मारलेले अठरा टक्क्यांचे कर्ज

चवथीच्या तोंडावर म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुचाकी शोरूममध्ये कर्जवाले टेबल टाकून बसतात. “दहा टक्के व्याज, महिना 3,250, आधार-पॅन द्या, संध्याकाळी स्कूटर घरी.” म्हापशातल्या एका ग्राहकाने असेच 90,000 रुपये तीन वर्षांसाठी घेतले. बँक साडेदहा टक्के सांगत होती, म्हणून हे कर्ज त्याला स्वस्त वाटले. प्रत्यक्षात ते त्याला बँकेपेक्षा सुमारे 11,700 रुपयांनी महाग पडले.

एजंटाने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर मांडलेला हिशेब असा: 90,000 चे दहा टक्के 9,000, तीन वर्षांचे 27,000, एकूण 1,17,000, भागिले 36, म्हणजे 3,250. आकडेमोडीत चूक नाही. खोट आहे ती टक्के कशावर काढले त्यात. याला फ्लॅट रेट म्हणतात. ग्राहक दर महिन्याला थोडे मुद्दल परत करत असतो, पण व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण 90,000 वर लागते. जे पैसे त्याने परत केले, त्यांचेही व्याज तो भरतोच. बँकेचे साडेदहा टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच होते. त्या हिशेबाने हप्ता 2,925 आणि तीन वर्षांचे व्याज 15,300 च्या आसपास येते.

घटत्या शिलकीच्या भाषेत सांगायचे तर फ्लॅट दहा टक्के म्हणजे जवळपास 18 टक्के. दोन ते चार वर्षांच्या कर्जाला सोपा ठोकताळा असा, की फ्लॅट दराला 1.8 ने गुणा. नेमका आकडा हवा असेल तर मोबाईलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये ‘रेट’ हे फंक्शन असते. त्यात हप्त्यांची संख्या 36, हप्ता वजा चिन्हासह 3250 आणि कर्ज 90000 घाला. येईल तो मासिक दर, त्याला 12 ने गुणा.

पण हातात खरोखर 90,000 पडतात का, हे आधी पाहा. या कर्जात तीन टक्के प्रोसेसिंग फी, म्हणजे 2,700, आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटीचे 486 रुपये आधीच कापले होते. उरले 86,814. हप्ता तोच राहिला. स्प्रेडशीटमध्ये 90000 च्या जागी 86814 घातले की दर साडेवीस टक्क्यांवर जातो. कुठे कुठे न विचारता विम्याचा हप्ताही कर्जात घालतात, मग त्यावरही तीन वर्षे व्याज चालू. हा सगळ्यांत चीड आणणारा प्रकार, कारण तो ओळखायला टक्केवारी येऊन भागत नाही, कागदच वाचावा लागतो.

कर्ज मुदतीआधी फेडताना आणखी एक धक्का बसतो. वर्षभरात 39,000 भरले, म्हणजे तिसरा हिस्सा फिटला आणि 60,000 उरले, असे वाटते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असल्यामुळे 65,000 च्या वर मुद्दल शिल्लक दाखवतात. मुदतपूर्व फेडीचा आकार लावला तर तो वेगळा.

सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांना ते द्यावेच लागते. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर असतो आणि त्यात फी धरलेली असते. दोन कर्जांची तुलना फक्त याच आकड्यावर करा. हप्त्यावर नको, तोंडी सांगितलेल्या टक्क्यांवर तर नकोच. “ते नंतर ईमेलवर येईल” असे म्हटले तर सहीही नंतरच करा.

कागद दिला नाही किंवा त्यातला दर आणि वसुली जुळली नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते; माहितीसाठी क्रमांक 14448. गावातल्या क्रेडिट सोसायटीचे कर्ज मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाही, त्यासाठी गोवा सरकारच्या सहकार निबंधकांकडे जावे लागते. त्यामुळे सोसायटीकडून कर्ज घेताना व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर, हे मंजुरीपत्रावरच लिहून घ्या.