झोपलेला एचआयव्ही उठवायचा, की रोजची गोळी चालू ठेवायची?

रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे रक्तात विषाणू सापडला नाही, असं आलं की पहिला प्रश्न हाच असतो: मग गोळी अजून कशाला? दुसरा प्रश्न मोबाईलवरच्या बातम्यांमुळे पडतो: दडलेला विषाणू बाहेर काढायचं औषध निघालंय म्हणे, ते का घेऊ नये? निपाणी, खानापूर, बेळगाव, कुठल्याही गावच्या माणसाला आज ठरवायचं असेल तर आमचं मत सरळ आहे, गोळी. त्याचं कारण मात्र नीट समजून घ्या, म्हणजे उद्या नवी बातमी आली तरी गडबडून जाणार नाही.

एचआयव्ही आपली जनुकं सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. अशा बहुतेक पेशी मरतात. थोड्या मात्र स्मृतिपेशी (जुना आजार लक्षात ठेवणाऱ्या पेशी) होऊन विसावतात. लाखो पेशींत एखादीच, पण तिच्यात विषाणू नुसता पडून असतो. आपली औषधं नवी लागण थांबवतात; जो काहीच करत नाही त्याला ती काय करणार? प्रतिकारशक्तीलाही तो दिसत नाही. हा साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात. अशा दहा लाख पेशी धरल्या तर सगळा संपायला ७३ वर्षांहून जास्त, असा हिशोब निघतो. वर या पेशी स्वतः दुप्पट होतात, त्यांच्यासोबत आतला विषाणूही. म्हणून गोळी थांबवली की बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, परत वर येतो.

‘उठवा आणि मारा’ हा मार्ग शेतकऱ्याला लगेच कळेल. पेरणीआधी पहिल्या पावसावर तण उगवू द्यायचं आणि मग कुळवाची पाळी घालायची, तसंच हे. गोळी चालू ठेवून विषाणूला जागं करायचं, म्हणजे पेशी उघडी पडेल आणि मारली जाईल. २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट या कर्करोगावरच्या औषधाचा ४०० मिलिग्रॅमचा एकच डोस आठ जणांना दिला. विसावलेल्या पेशींतला विषाणूचा आरएनए (तो जागा झाल्याची खूण) सरासरी ४.८ पट वाढला. उठवता येतं हे सिद्ध झालं. पण साठा घटला नाही. पुढे ब्रिटनमध्ये ६० पुरुषांवर ‘रिव्हर’ चाचणी झाली. निम्म्यांना गोळ्यांच्या जोडीला लस आणि व्होरिनोस्टॅटचे दहा डोस. २०२० च्या निकालात दोन्ही गटांच्या साठ्यात फरक दिसला नाही.

अडतं कुठं? लव्हाळ्याच्या सगळ्या गाठी एका पावसात फुटत नाहीत, तसे सगळे विषाणू एका औषधानं जागे होत नाहीत; पेशीला पूर्ण जोर लावून चेतवलं तरी काही झोपूनच राहतात. जे उठतात ते पुरेसं प्रथिन बनवतातच असं नाही. आणि कुळवच बोथट असतो: वर्षानुवर्षांच्या लागणीनं मारक पेशी थकलेल्या असतात, शिवाय विषाणूनं आपलं रूप बदलून त्यांना चकवलेलं असतं.

एक धोका ठळक सांगायला हवा. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळीही यासाठी तपासली गेली. ती स्वस्त आहे, औषध दुकानात मिळते, म्हणून मोह होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिवसाला २००० मिलिग्रॅम डायसल्फिराम आणि व्होरिनोस्टॅट एकत्र दिलं, तेव्हा दोन रुग्णांच्या मेंदूवर गंभीर परिणाम झाला आणि चाचणी थांबवावी लागली. घरी हा प्रयोग करू नका.

मेलबर्नच्या संशोधकांनी २०२५ मध्ये एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायला सांगणारा निरोप) चरबीच्या सूक्ष्म कणांतून थेट विसावलेल्या पेशीत पोचवून विषाणू जागा केला. आम्हाला हे मोठं पाऊल वाटतं. पण ते रुग्णांनी दिलेल्या पेशींवर, प्रयोगशाळेत टाकलेलं आहे.

‘कुलूप लावा’ हा मार्ग उलटा, विषाणूला कायमचं झोपवून ठेवायचं, उसात पाचटाचं आच्छादन करून तण उगवूच द्यायचं नाही तसा. तो अजून पेशी आणि उंदरांपर्यंतच पोचला आहे. बोन मॅरो (हाडातला रक्त बनवणारा मगज) बदलून टिमोथी रे ब्राऊन हे रुग्ण एचआयव्हीतून बरे झाले, पण ते रक्ताच्या कर्करोगासाठी केलं होतं. त्यासाठी सीसीआर५ (विषाणूला पेशीत शिरायचं दार बनवणाऱ्या) जनुकात विशिष्ट बदल असलेला दाता लागला, आणि तो बदल आपल्याकडे फारच विरळा. जिवावरचा उपचार आहे तो. धडधाकट माणसानं त्याचा विचार करू नये.

आता गोळी. टीएलडी या रोजच्या गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं. दिवसाला एक, सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात मोफत. व्हायरल लोड दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. चुका होतात त्या बारीक. पित्ताचं पातळ औषध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबत घेतली की डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. टीएलडी त्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्या. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर बारा तासांनी ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राविर जादा लागतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर डॉक्टरांना सांगा, दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. टेनोफोविरमुळे मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं.

सीमाभागात खंड पडतो तो बहुतेकदा प्रवासामुळे. खानापूरहून गोव्याला कामाला जाणार असाल, किंवा मुक्काम कोल्हापूर-मिरजेला हलणार असेल, तर निघण्याआधी केंद्रात सांगा. तब्येत स्थिर असेल तर जादा महिन्यांच्या गोळ्या मागता येतात. कायमचं हलायचं असेल तर ट्रान्सफरचं पत्र घ्या; राज्य बदललं तरी उपचार चालू राहतो. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

उद्या एखाद्या चाचणीत बोलावलं तर? आधी हिपॅटायटिस बी तपासून घ्या. टीएलडीतली दोन औषधं त्यालाही दाबून ठेवतात, ती अचानक थांबली तर यकृत बिघडू शकतं. गोळी थांबवून बघणार आहेत का, ते विचारा. थांबवणार असतील तर व्हायरल लोड किती दिवसांनी तपासणार, किती आकड्याला गोळी परत सुरू करणार आणि तोवर जोडीदाराच्या संरक्षणाचं काय, हे लेखी घ्या. पैसे मागितले तर निघून या, चाचणीतलं औषध विकत देत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा. कन्नड किंवा इंग्रजी कागद नीट समजत नसेल तर त्यावर सही करू नका.