ओल्ड बेली ऑनलाइन : फुकट आहे, पण रात्री उघडू नका

परवा उलटतपासणीची तयारी करताना कंटाळा आला म्हणून सहज ही साइट उघडली आणि बघतो तर पहाटेचे दोन. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले १६७४ ते १९१३ चे खटले, जवळपास दोन लाख, एक पैसा न देता.

मी शोधला विल्यम गॅरो. १७८३ ला बॅरिस्टर झाला आणि पुढची दहा वर्षं तिथे नुसता धुमाकूळ. सर्चमध्ये नाव टाकताना सालं १७८३ ते १७९३ ठेवा, का ते शेवटी सांगतो.

तेव्हा फेलनीच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या, केसमध्ये आरोपीच्या वकिलाला ज्युरीसमोर भाषणच करता यायचं नाही (ती परवानगी १८३६ ला आली), म्हणजे जे काय सांगायचं ते साक्षीदाराला प्रश्न विचारता विचारताच ज्युरीच्या कानावर घालायचं, आणि यात गॅरोचा हात कोणी धरू शकत नाही. वाटमारीचा आरोपी दोषी ठरला की पकडून देणाऱ्यांना ४० पौंड बक्षीस, मग नुसत्या बक्षिसावर जगणारेही होतेच की, हा गडी त्यांना फिरवून फिरवून तिथेच आणायचा. बक्षीस माहितीये ना? वाटा किती? नाही म्हणालं तरी पंचाईत, हो म्हणालं तरी पंचाईत. आमच्या कोर्टात इतके छोटे प्रश्न विचारणारा सीनियर मी अजून पाह्यला नाही.

निकालाची ओळ पण वाचा हं. राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी म्हणजे फाशी, म्हणून ज्युरी मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग लावायची! पहिल्यांदा मला टायपो वाटला.

कॉलेजात घोकलेलं 'गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष', ते हा १७९१ च्या एका खुनाच्या खटल्यात बोललाय, तेही इथे सापडतं.

अर्धा स्टार कापला कारण जुन्या छापणाऱ्यांनीच बरेच खटले चार ओळींत उरकलेत. आणि माणूस म्हणून गॅरो इथे भेटत नाही, घरदार, लग्न, १८१३ ला ॲटर्नी जनरल झाला ते सगळं दुसरीकडे वाचावं लागतं. फक्त सालं नीट टाकली नाहीत तर १८१७ नंतरचे खटले येतात आणि वर छापलेलं असतं, न्यायाधीश : बॅरन गॅरो. मी तिथेच लॅपटॉप बंद केला.

साडेचार स्टार.