सात दिवसांची गोळ्यांची डबी: म्हाताऱ्या माणसांना उपयोगी, पण लहान मूल असलेल्या घरात जपून

सासऱ्यांसाठी ही डबी ऑनलाइन मागवली होती. अख्खा पावसाळा वापरून झाला, म्हणून सविस्तर लिहिते. मी रत्नागिरीत मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. औषधं वाटणं हे रोजचंच काम, त्यामुळे अशी वस्तू घरात आली की मी ती जरा खोलात जाऊन बघते.

सात दिवसांच्या सात पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीत चार कप्पे, असे २८ कप्पे. एका दिवसाची पट्टी सुटी काढता येते, त्यामुळे बाहेर जाताना अप्पा तेवढीच खिशात टाकतात. प्लास्टिक जाड आहे, झाकणांच्या बिजागऱ्या अजून शाबूत आहेत. कप्प्यांवरची छापील इंग्रजी अक्षरं मात्र बोटं लागून लागून लवकरच पुसली गेली. मग मी मोठ्या अक्षरात सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र लिहून वरून सेलोटेप लावली. एवढ्या किमतीत छपाई तरी टिकायला हवी होती.

डबीचा खरा फायदा हा की गोळी घेतली की नाही ते दिसतं. अप्पांचं वय ७८. बीपी, शुगर, हार्ट, प्रोस्टेट, सगळ्याच्या गोळ्या चालू. "सकाळची घेतली का गं मी?" हे रोजचं होतं, आणि शंका आली की ते सरळ दुसरी घेऊन टाकायचे. या वयात मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असतं, औषध अंगात जास्त वेळ राहतं. चाळिशीतला माणूस जी दुसरी गोळी पचवेल, ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चक्कर आणून बाथरूममध्ये पाडते. आता कप्पा रिकामा दिसला की प्रश्न मिटतो.

पण सगळ्याच गोळ्या डबीत टाकायच्या नसतात, आणि हे डबीबरोबर आलेल्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. आमच्याकडे काय काय बाहेर ठेवलंय ते सांगते.

सासूबाईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आमच्याकडे रविवारी. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड असतं, ते डॉक्टरांनी दुसऱ्या वारी दिलंय. दोन्ही गोळ्या पिवळ्या, स्ट्रिपमधून काढल्या की पटकन ओळखू येत नाहीत. मेथोट्रेक्सेट रोज घेऊन आलेले पेशंट मी वॉर्डात पाहिलेत. तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळवत नाही, पांढऱ्या पेशी घसरलेल्या. त्यामुळे ती स्ट्रिप वेगळ्या पाकिटात आहे, पाकिटावर लाल पेनने "फक्त रविवार" लिहिलंय, आणि ती माझ्याच हातून दिली जाते. गरोदर बाईने तर या गोळीला हातही लावू नये.

सासूबाईंची थायरॉइडची गोळी तिच्या बाटलीतच राहते. ती उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची. डबीच्या "सकाळ" कप्प्यात दोन्ही पडल्या की त्या एकाच घोटाबरोबर जाणार, हे ठरलेलंच. अप्पांची जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट स्ट्रिपसकट शर्टाच्या खिशात असते. छातीत दुखायला लागल्यावर कप्पे कोण शोधत बसणार?

कोकणातल्या हवेचंही बघावं लागतं. जुलैमध्ये इथे मीठ पाझरतं, तर स्ट्रिपमधून काढलेल्या गोळ्यांचं काय होत असेल! फिट्ससाठीच्या व्हॅलप्रोएटच्या गोळ्या अशा हवेत पाणी ओढून मऊ पडतात, त्या ज्यांना चालू असतील त्यांनी डबीत काढूच नयेत. या डबीचं झाकण हवाबंद नाही, म्हणून पावसाळ्यात मी तीन-चार दिवसांपुरतंच भरते. काहीजण स्ट्रिप कात्रीने कापून फॉइलसकट एकेक गोळी कप्प्यात ठेवतात. तसं करू नका. नीट न दिसणारी म्हातारी माणसं ती फॉइलसकट गिळतात आणि तिच्या टोकदार कडांनी अन्ननलिकेला जखम होते.

अप्पांची एकादशी हा आमच्याकडचा सगळ्यात नाजूक विषय. डबीतला कप्पा काही उपास ओळखत नाही. शुगरची ग्लिमेपिराइड घेतली आणि पोटात नुसतं वरीचे दोन घास गेले, तर दुपारपर्यंत शुगर खाली येते. त्यात अप्पांना हार्टसाठीची मेटोप्रोलॉल चालू आहे. त्याने हातापायांची थरथर आणि छातीतली धडधड झाकली जाते, घाम तेवढा फुटतो. वयस्कर माणूस अशा वेळी नुसता गोंधळल्यासारखा बोलतो आणि घरच्यांना वाटतं, वय झालं. डॉक्टरांना आधीच विचारून उपासाच्या दिवशी काय द्यायचं ते ठरवून घेतलंय. डबी भरताना मी शेजारी कालनिर्णय ठेवतेच.

आता ज्यासाठी तारे कापले ते. सांधे दुखणाऱ्या बोटांनाही उघडावीत म्हणून झाकणं हलकी केलीत, सासूबाईंना ती सोयीची पडतात. पण तीच झाकणं माझी तीन वर्षांची मुलगीही नखाने उघडते. कुलूप नाही, दाबून फिरवायचं झाकण नाही. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची एकच गोळी एवढ्या मुलाच्या पोटात गेली तरी शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि तेही काही तासांनी, मूल तोपर्यंत खेळत असतं. लोहाच्या लाल गोळ्या तर तिला हव्याशाच वाटतात. आमची डबी उंच कपाटात, कडीच्या आत असते आणि अप्पांना वेळेला काढून द्यावी लागते. म्हणजे स्वतःचं स्वतः घेता यावं हा जो फायदा होता, तो निम्मा गेला.

याच ऑर्डरमध्ये मुलीसाठी १० मिलीची बिनसुईची सिरिंज घेतली होती, तिला मात्र पैकीच्या पैकी. तिचं वजन १४ किलो, म्हणजे तापाला पॅरासिटामॉल एका वेळी साधारण २१० मिलिग्रॅम. ५ मिलीत २५० असलेलं सिरप असेल तर ४ मिलीच्या थोडं वर, १२० वालं असेल तर पावणेनऊ मिली. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. "एक चमचा द्या" म्हणणाऱ्याला कुठल्या बाटलीतला ते आधी विचारा. सिरिंजवरच्या रेघा ठसठशीत आहेत, औषध गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडता येतं, मूल ठसकत नाही.

डबीला पाचपैकी साडेतीन. घरात फक्त मोठी माणसं असतील आणि भरणारा हात एकच असेल तर घ्या. घेण्याआधी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून फार्मासिस्टकडे न्या आणि कुठल्या स्ट्रिपमध्येच ठेवायच्या ते विचारून घ्या. लहान मूल असेल तर थोडे जास्त पैसे देऊन कुलूपवाली बघा.