जुन्या गिऱ्हाइकाला जादा दर? गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या घरचा सहा-सात महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात घरातल्या सगळ्या वर्गण्या, हप्ते आणि वार्षिक करार एका वहीत मांडले: ब्रॉडबँड, गाडीचा विमा, पाण्याच्या फिल्टरचा एएमसी (वार्षिक देखभाल करार), सासू-सासऱ्यांचा आरोग्य विमा, मोबाइल. यातली बहुतेक कनेक्शनं वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे होती. वीज आणि नळाचं पाणी सरकारी खात्याकडून येतं आणि विजेचा दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, तेव्हा तिथे निवडीचा प्रश्नच नाही. बाकी ठिकाणी मात्र जिथे निवड होती तिथे आम्ही दर विचारले, काही बदललं, काही तसंच ठेवलं. आता पावसाळा, चतुर्थी, दिवाळी सगळं होऊन गेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. कंपनीशी निष्ठा ठेवली तर आपण जादा पैसे मोजतो. कंपनीच्या कॉम्प्युटरला आपली पाच-सहा वर्षं दिसतात ती ‘हे गिऱ्हाईक विचारत नाही’ एवढ्याच अर्थाने. पण त्या सेवेमागे एखादा ओळखीचा, कामाचा माणूस असेल तर हिशेब बदलतो.

ब्रॉडबँड

२०२० च्या टाळेबंदीत मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी आम्ही कनेक्शन घेतलं. ५० एमबीपीएस, महिना ७९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३ रुपये. तेव्हा हा दर वाजवी होता. मे महिन्यात शेजारच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाने त्याच कंपनीचं कनेक्शन घेतलं. त्यांना १०० एमबीपीएस ५९९ अधिक जीएसटीला मिळालं, म्हणजे ७०७ रुपयांत. तोच खांब, तीच फायबर, वेग दुप्पट, आणि दर महिन्याला आमच्यापेक्षा २३६ रुपये कमी. वर्षाचे झाले २,८३२.

मी कस्टमर केअरला फोन केला. तो प्लॅन फक्त नव्या ग्राहकांसाठी आहे असं उत्तर मिळालं. तुमचा जुना प्लॅन आता विक्रीत नाही आणि त्याहून स्वस्त प्लॅन आलेले आहेत, हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही कळवलं नव्हतं. दर महिन्याला बिलाचा मेसेज न चुकता येत होता, प्लॅनबद्दल मात्र ताकास तूर लागू दिला नाही. मला याचा खरोखर राग आला.

आम्ही दुसऱ्या कंपनीकडे गेलो. सहा महिन्यांचे ३,६०० रुपये आगाऊ, कर धरून. जोडणी फुकट, राउटर फुकट. महिन्याला ६०० रुपये पडले, म्हणजे सहा महिन्यांत २,०५८ रुपयांची बचत. वेगाबद्दल तक्रार नाही. नवरा घरून काम करतो, त्याचे व्हिडिओ कॉल आणि मुलाचा अभ्यास एकाच वेळी नीट चालायचे.

जुलैमध्ये फरक कळला. गोव्यात फायबर विजेच्या खांबांवरून लोंबकळत येते आणि आमच्या वाटेवर आंबा, फणस, सुरंगी अशी दाटी आहे. वादळी पावसात फांदी पडली की वायर तुटणार हे ठरलेलं. जुन्या कंपनीची लाइन सांभाळणारा मुलगा इथलाच. त्याला फोन केला की उत्तर यायचं, ‘वयनी, वायरीर फांटी पडल्या. सांजे येतां.’ आणि खरंच तिन्हीसांजेला रेनकोट घालून, शिडी खांद्यावर घेऊन हजर व्हायचा. नव्या कंपनीत ॲपवर तक्रार नोंदवायची, नंबर मिळायचा, मग वाट बघायची. जुलैत वायर तुटली तेव्हा दोन-तीन दिवस नवऱ्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम काढलं. प्लॅनच्या दरांची तुलना करताना ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. पावसाळ्यात घरून काम करणाऱ्यांनी तिला पैशाइतकंच वजन द्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

सप्टेंबरमध्ये जुन्या कंपनीचा फोन आला. परत या, १०० एमबीपीएस ५४९ अधिक जीएसटीला देतो. म्हणजे ६४८ रुपये, नव्या गिऱ्हाइकाच्या दरापेक्षाही कमी! आम्ही तिथे राहून ९४३ भरत होतो, आणि सोडून गेल्यावर त्याच घराची किंमत जवळजवळ तीनशेने उतरली. निष्ठेची किंमत यापेक्षा स्पष्ट कुणी सांगू शकणार नाही.

नोव्हेंबरात नव्या कंपनीची मुदत संपत आली. नूतनीकरणाचा मेसेज ४,९५० रुपयांचा. पहिल्या सहा महिन्यांचा दर तेवढ्यापुरताच होता. मी फोन करून जुन्या कंपनीची ऑफर सांगितली, तर त्याच फोनवर ४,९५० चे ३,९०० झाले. दर जवळपास सारखे झाल्यावर आम्ही जुन्याकडे परत गेलो ते त्या शिडीवाल्या मुलासाठी. या वेळी प्लॅन घेतानाच दोन गोष्टी लेखी मागून घेतल्या: हा दर किती महिने, आणि नंतर किती. मुदत संपण्याच्या दहा दिवस आधीची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.

गाडीचा विमा

ब्रॉडबँडपेक्षाही इथे जास्त पैसे जातात, आणि बदलायला सगळ्यात सोपंही हेच आहे. आमची गाडी १२०० सीसीची. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) हप्ता तेव्हा ३,४१६ रुपये होता, तो सरकारने ठरवलेला आणि सगळ्या कंपन्यांना सारखा. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात. त्याचे दर २००७ पासून खुले झाले आहेत, कंपनी आपले आपण ठरवते.

जुन्या कंपनीची नोटीस आली १३,८२५ रुपयांची. ५० टक्के नो क्लेम बोनस (भरपाई न मागितलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) धरून, झिरो डेप (सुट्या भागांची झीज वजा न करता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शनसकट. तेच कव्हर, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच दोन ॲड-ऑन (जादा कव्हर) धरून दुसऱ्या कंपनीने १०,७५७ सांगितले. तीन हजारांहून जास्त फरक. एजंटला कळवल्यावर जुन्या कंपनीकडूनही ‘स्पेशल सवलत’ निघाली, पण ती आम्ही विचारल्यावर. शेवटी आम्ही नव्या कंपनीकडेच गेलो.

आमच्या नात्यात अजूनही अनेकांना वाटतं की कंपनी बदलली की नो क्लेम बोनस बुडतो. तसं नाही. हा बोनस गाडीच्या मालकाचा असतो, कंपनीचा नाही. एका वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५० अशी त्याची चढण आहे आणि ती नव्या कंपनीत तशीच चालू राहते. बोनस बुडतो तो पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर. म्हणून चौकशी मुदत संपण्याआधीच करायची. एकदा पॉलिसी तुटली की गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, तो त्रास वेगळा.

दर विचारताना आयडीव्हीवर नजर ठेवा. एका ठिकाणी हप्ता फारच कमी दाखवत होते. नीट बघितलं तर गाडीची किंमतच पन्नास हजारांनी खाली आणली होती आणि इंजिन प्रोटेक्शन काढून टाकलं होतं. गोव्यात पावसाळ्यात सखल रस्त्यावर पाणी साचतं. त्या पाण्यात गाडी बंद पडून पुन्हा स्टार्ट मारली की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत त्याची भरपाई सहसा मिळत नाही. तेवढ्या हजार-बाराशेसाठी हे कव्हर सोडू नये. क्लेमची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही, त्यामुळे नव्या कंपनीबद्दलचं मत दरापुरतं आणि कागदपत्रांपुरतंच धरा. फोंड्यातलं आमचं गॅरेज त्यांच्या कॅशलेस यादीत आहे, हे मात्र पैसे भरण्याआधी बघून घेतलं होतं.

ब्रिटनमध्ये या प्रकाराची जाहीर चर्चा झाली आणि नियमही झाला, हे वाचून मला बरं वाटलं. २०१८ मध्ये तिथल्या सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाती या पाच सेवांबद्दल स्पर्धा नियामकाकडे रीतसर तक्रार केली. जुन्या ग्राहकांना वर्षाला ४.१ अब्ज पौंड जादा मोजावे लागतात, असा तिचा अंदाज होता. पुढे १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या वित्तीय नियामकाने घराच्या आणि गाडीच्या विम्यात नूतनीकरणाचा दर नव्या ग्राहकाच्या दरापेक्षा जास्त लावायला बंदी घातली. असा नियम आपल्या विमा कंपन्यांनाही लागू व्हावा, असं मला मनापासून वाटतं. वयस्कर माणसं, एकट्या राहणाऱ्या बायका, फोनवर घासाघीस करायला संकोचणारी माणसं यांनीच सगळ्यात जास्त का भरावं?

पाण्याचा फिल्टर

आरओ मशीन (पाण्यातले क्षारही गाळून काढणारं) घेतलं तेव्हा वर्षाचा एएमसी तीन हजारांच्या आसपास होता. दर वर्षी थोडा थोडा वाढत तो यंदा ६,१०० वर पोचला. त्याच कंपनीचं माणूस नव्या ग्राहकाला जुनं मशीन देऊन नवं घ्या, पहिल्या वर्षाची सर्व्हिस फुकट, असं सांगत फिरत होतं. करार नीट वाचला तर त्यात फिल्टर आणि मेम्ब्रेन होते, पण पंप आणि अडॅप्टर वगळलेले. बिघडतात नेमके तेच.

मग बाजारातून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दर लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारा) आणला, दोनशे-अडीचशेला मिळतो. आमच्याकडे खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचं पाणी येतं. नळाखाली ग्लास धरून मोजलं तर आकडा साठ-सत्तरच्या आसपास. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत चालतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये असा आदेश दिला होता. आमच्या मशीनमधून एक लिटर पाणी निघायला दोन-तीन लिटर मोरीत जात होतं, तेही मे महिन्यात नळाची धार बारीक झालेली असताना.

आमच्या पाण्याचा खरा प्रश्न गढूळपणाचा आहे. जुलैत बाहेरच्या पारदर्शक डब्यातली गाळ अडवणारी स्पन कँडल काढली तर ती पांढऱ्याची पार विटकरी झाली होती, बोटाने चोळलं की तांबडी माती हाताला लागत होती. मे महिन्यात बसवलेली हीच कँडल दूधासारखी पांढरी होती. ही कँडल वेळेवर बदलली, पुढे कार्बन आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) असलं की आमच्या नळाला पुरतं. आम्ही साधा यूव्ही फिल्टर घेतला आणि वरच्या बाजारातल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला सांभाळायला दिला. तो पावसाळ्यात कँडल एकदा जास्त बदलतो, कार्बन वर्षातून एकदा, आणि जेवढं काम तेवढेच पैसे घेतो. यंदाचा खर्च दीड-पावणेदोन हजारांच्या आत बसेल. जुवारी किंवा शापोराच्या काठी विहिरीचं मचूळ पाणी पिणाऱ्यांनी माझं ऐकून आरओ काढू नये, त्यांनी आधी आपलं पाणी मोजावं.

जिथे राहिलो

मोबाइलमध्ये फारसं काही हाती लागलं नाही. प्रीपेडचे दर उघड असतात. ‘पोर्ट’चा (नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा) मेसेज १९०० वर पाठवला की जुन्या कंपनीकडून विनवण्यांचे फोन सुरू होतात, त्यातून सासूबाईंच्या नंबरला थोडा जादा डेटा मिळाला. माझ्या माहेरी, सावईवेरेला, घरात एकाच कंपनीचा सिग्नल धड येतो. तिथे वडील काय बदलणार?

आरोग्य विम्याच्या बाबतीत मात्र मी घाई केली नाही आणि कुणी करूही नये. सासऱ्यांना मधुमेह आहे. २०११ पासून इथेही पोर्टेबिलिटी आहे, आधीच्या प्रतीक्षा कालावधीचं (जुन्या आजारांना कव्हर सुरू होईपर्यंत थांबावं लागतं त्याचं) श्रेय नव्या कंपनीत मिळतं, पण जुन्या विमा रकमेपुरतंच. शिवाय नवी कंपनी वय आणि आजार बघून अर्ज नाकारू शकते. सलग ६० महिने पूर्ण झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हे संरक्षण त्यांना मिळालेलं आहे. या एका ठिकाणी पॉलिसी खंड न पाडता चालू ठेवण्याचा नियमाने लाभ आहे. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ नियामकाशी सल्लामसलत केल्याशिवाय करायची नाही, असंही सांगितलं आहे.

त्यामुळे ती पॉलिसी तिथेच राहणार. मार्चमध्ये नूतनीकरणाची नोटीस आली की दोन गोष्टी तपासायच्या आहेत: मूळ हप्त्यातली वाढ १० टक्क्यांच्या आत आहे का, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे तो हिशेबातून खरंच निघाला आहे का. गेल्या वर्षीची पावती त्यासाठी फाइलमध्ये वरच लावून ठेवली आहे.