गार्मिनवर फुकटचे ओएसएम नकाशे : स्पिती आणि सह्याद्री फिरून झाल्यावर

बरेच महिने वापरून झालं, आता लिहायला हरकत नाही. बाइकच्या हँडलला क्लँप केलेलं बटणवालं गार्मिन ईट्रेक्स, म्हणजे हातात मावणारं जीपीएस यंत्र, त्यात मायक्रोएसडी कार्ड आणि कार्डावर ओपनस्ट्रीटमॅपच्या (ओएसएम, लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा) डेटावरून बनवलेला नकाशा. नकाशाचा खर्च शून्य.

फोन असताना हे कशाला, असं प्रत्येक टपरीवर कोणीतरी विचारतंच. एक तर फोन दिवसभर हँडलवर हादरवत न्यायचा मला पटत नाही, ॲपलनंच २०२१ मध्ये सांगून टाकलंय की मोठ्या बाइकच्या व्हायब्रेशननं आयफोनच्या कॅमेऱ्याची वाट लागू शकते. दुसरं म्हणजे ऊन. टळटळीत दुपारी फोनची स्क्रीन काळी ठिक्कर आणि गार्मिनची उलट जास्त स्वच्छ दिसते. ग्लोव्हज न काढता बटणं दाबता येतात, दोन पेन्सिल सेलवर दिवस आरामात निघतो आणि पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. स्क्रीन मात्र इवलीशी आहे, चष्मेवाल्यांनी आधी दुकानात बघून घ्या.

नकाशा टाकणं सोपंय. बीबीबाइकसारख्या साइटवर हवा तो चौकोन आखायचा, गार्मिन फॉरमॅट निवडायचा, थोड्या वेळानं ईमेलवर लिंक येते. कार्डावर गार्मिन नावाचं फोल्डर करून डाउनलोडमधली जीमॅपसप नावाची नकाशाची फाइल तिथे ठेवायची की झालं. पूर्ण भारत एका फाइलीत कोंबू नका, एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही, म्हणून जायचा भाग तेवढाच घ्या. आणि सेटिंगमध्ये एका वेळी एकच नकाशा चालू ठेवा, नाहीतर एकावर एक चढून सगळा गिचका होतो.

आता खरी गोष्ट, रस्त्यावरची. हिमाचलातल्या स्पितीत नकाशा चकित करण्याइतका भरलेला आहे. २०१७ ला सुरू झालेला चिचमचा पूल, वाटेतला अटल बोगदा, काझाचा पेट्रोल पंप, सगळं आहे. उंचीच्या रेषांची वेगळी पारदर्शक फाइल मिळते, ती वर टाकली की काझा साधारण ३,६५० मीटरवर आणि कोमिक गाव ४,५०० च्या वर, म्हणजे मधे किती चढ आहे ते निघायच्या आधीच कळतं. माझी कार्ब्युरेटरवाली बाइक असल्या चढावर धापा टाकते, त्यामुळे मला हे फार कामाचं.

पण वेळेवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. लोसरवरून कुंझुम खिंड चढून खाली बातलला उतरलो, पुढे ग्राम्फूपर्यंत साधारण ५० किलोमीटर, आणि यंत्र सांगतंय तासाभरात पोचाल. का, तर तो नकाशात राष्ट्रीय महामार्ग ५०५ म्हणून नोंदलाय आणि नकाशा बनवणारं सॉफ्टवेअर रस्त्याच्या दर्जावरून वेग धरतं. तिथे महामार्ग म्हणजे गोटे, वाळू आणि छत्रूपर्यंत रस्त्यावरूनच वाहणारे नाले. दुपारनंतर बर्फ वितळून तेच नाले फुगतात. बूट काढून आधी पायी पाण्यात उतरायचं, दगड कुठे आहेत ते चाचपायचं, मग बाइक घालायची, आणि हँडलवर ते शहाणं सांगतंय अजून चाळीस मिनिटं! रस्ता कच्चा की पक्का हे नकाशात कोणीतरी नोंदलं असेल तरच यंत्राला कळणार, नाहीतर त्याच्या लेखी सगळे रस्ते सारखेच.

म्हणून माझं ठरलेलं आहे, लांबच्या प्रवासाला ऑटो राउटिंग (यंत्रानं स्वतःच रस्ता ठरवणं) बंद. घरी लॅपटॉपवर बेसकॅम्प या गार्मिनच्याच सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक आखायचा, यंत्रात टाकायचा आणि जाड रंगीत रेष धरून चालायचं. मोठा पल्ला एकदम मागितला तर हे छोटं यंत्र तसंही हिशोब करत बसतं, मधे दोनचार थांबे दिले की सुटतं. लॉक ऑन रोड ही सेटिंगसुद्धा बंद ठेवा, कारण दरड कोसळून रस्ता शंभर मीटर बाजूला सरकवलेला असतो आणि यंत्र तुम्हाला अजून जुन्याच रस्त्यावर चिकटवून ठेवतं.

सह्याद्रीत वेगळीच मजा. ट्रेकर मंडळींनी एकेक पाऊलवाट, टाकं, देऊळ घालून ठेवलंय, बाइक पायथ्याला लावून वर जाणाऱ्यांना तर लॉटरीच. मढे घाटासारख्या चालायच्या वाटा नकाशावर ठळक तुटक रेषांत दिसतात, तिथे बाइक घालायचा मोह आवरा. पण पावसाळ्यात वरंध घाट बंद आहे की चालू, हे तुमच्या कार्डावरच्या फाइलीला कळणार नाही, ते भोरच्या किंवा महाडच्या चहावाल्यालाच विचारायचं.

पत्ता शोधणं जवळपास निकामी आहे, घरनंबर तर विसराच. गाव, पंप, खिंड नावानं सापडते, शहरातलं हॉटेल शोधायचं तर सरळ फोन काढा. सीमाभागात नकाशातली रेष सरकारी नकाशासारखी नसते, तिथे कोणाला स्क्रीन दाखवून वाद घालू नका.

आणि एक, नवीन यंत्र घेणार असाल तर सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं मॉडेल परदेशातून मागवू नका. परवानगीशिवाय ते भारतात बाळगता येत नाही, विमानतळावर लोक अडकलेत. साधं, फक्त सिग्नल घेणारं घ्या, नकाशाला तेवढं पुरतं.